मुलांची प्रतीक्षायादी नोंदणीच्या तारखेने लावू नका

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

हाडे, सांधे आणि स्नायूंचे विकार असलेल्या मुलांवर आम्ही उपचार करतो. आमच्यात बालअस्थिरोगतज्ज्ञ आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, कॅलिपर-स्प्लिंट बनवणारे तंत्रज्ञही आहेत. आमची मागणी एकच आहे. या मुलांची रांग नाव नोंदवल्याच्या तारखेने लावू नका; कोणाच्या उपचाराची मुदत आधी संपते आहे, ते पाहून लावा.

झिजलेल्या गुडघ्याच्या आजोबांना सहा महिने थांबवले तर त्यांचे हाल होतात, पण सहा महिन्यांनी होणारी शस्त्रक्रिया बहुधा तीच असते. मुलाचे हाड मात्र रोज वाढते, आणि चुकीच्या जागी असेल तर चुकीच्याच आकारात वाढते.

जन्मतः निखळलेला किंवा सैल खुबा घ्या. पहिल्या सहा महिन्यांत पाव्हलिक हार्नेसच्या पट्ट्यांनी बहुतेक बाळांचा खुबा जागेवर बसतो. भूल नाही, टाके नाहीत. सहा महिन्यांनंतर भूल देऊन खुबा बसवावा लागतो आणि पुढे कित्येक आठवडे बाळ छातीपासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये राहते. दीड वर्ष उलटले की बहुधा सांधा उघडावा लागतो, हाड कापून त्याची दिशा बदलावी लागते. विकार तोच, मूलही तेच; मध्ये गेली ती फक्त तारीख.

ही तारीख जाते कुठे? पायाळू बाळाची, किंवा घरात कोणाला हा त्रास असेल अशा बाळाची, खुब्याची सोनोग्राफी चार ते सहा आठवड्यांची असताना व्हायला हवी. ती तिसऱ्या महिन्यात मिळते, रिपोर्ट दाखवायला पुढची ओपीडी पाचव्या महिन्यात. प्रत्येक टेबलावरचा उशीर लहानच दिसतो. कुठे सोनोग्राफीऐवजी महिन्याभराच्या बाळाचा एक्स-रे काढला जातो. त्या वयात मांडीच्या हाडाचे डोके कूर्चेचे असते, एक्स-रेवर ते उमटतच नाही आणि 'नॉर्मल' असा शेरा पडतो. 'जन्मल्यावर तपासले होते' हेही पुरेसे नाही. नवजात बाळाचा सैल खुबा तपासताना जो खट्ट आवाज लागतो, तो तीन महिन्यांनंतर बहुतेकदा लागत नाही. तेव्हा मांडी बाहेरच्या बाजूला पुरती उघडते का, हे पाहायचे असते. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि तपासणारा फसतो. लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

क्लबफूट म्हणजे जन्मतः आत वळलेले पाऊल. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला ते असते. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच ते सात प्लास्टरमध्ये पाऊल सरळ होते. बहुतेक बाळांचा टाचेमागचा स्नायुबंध एका छोट्या छेदाने मोकळा करून शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. यात आठवडा म्हणजे आठवडाच. तंत्रज्ञ रजेवर आहे म्हणून 'पुढच्या महिन्यात या' सांगितले, तर कमावलेले वळण निसटते. प्लास्टर मांडीपर्यंत आणि गुडघा काटकोनात हवा. गुडघ्याखालीच घातलेले प्लास्टर सरकते, बोटे आत जाताना दिसतात आणि पाऊल नव्याने बिघडते.

पण सर्वांत जास्त पावले बिघडतात ती प्लास्टर संपल्यावर, आणि याकडे आपल्या खात्याचे लक्ष नाही. दांडीला जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर चार वर्षांचे होईपर्यंत रात्री आणि झोपेच्या वेळी घालायचे असतात. पहिला जोड शेवटचे प्लास्टर निघेल त्याच दिवशी पायात चढला पाहिजे. बाळाचे पाऊल भराभर वाढते, बूट लहान होतो, बोटे पुढे येतात, टाचेला फोड येतात. नव्या मापाच्या बुटासाठी पुन्हा चिठ्ठी, मंजुरी आणि रांग. तोवर पाऊल आत वळू लागलेले असते. यावर उपाय सोपा आहे: एक जोड देतानाच पुढच्या मापाचा जोड त्या मुलाच्या नावाने राखून ठेवा. दर वेळी मंजुरी कशाला? पाऊल वाढणार हे सर्वांना ठाऊकच असते.

काही मुलांची मुदत तासांची असते. ताप आहे, मूल पाय टेकवत नाही, खुबा हलवू देत नाही, म्हणजे सांध्यात पू असू शकतो. अशा मुलाला ओपीडीची तारीख देणे चूकच. त्याच दिवशी रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि गरज असल्यास सांधा धुण्याची सोय हवी. किशोरवयीन मूल गुडघा दुखतो म्हणून येते, गुडघ्याचा एक्स-रे चांगला निघतो आणि ते घरी जाते. खरे तर खुब्याच्या हाडाचे डोके सरकत असते, वेदना तेवढी गुडघ्यात जाणवते. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे, समोरून आणि बेडकासारखे पाय करून बाजूनेही, काढायलाच हवा. निदान झाले की मुलाने एक पाऊलही चालू नये. तिथूनच चाकाच्या खुर्चीवरून भरती.

स्नायूंच्या विकारांत घोटाळा निराळाच होतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करत नेणारा आनुवंशिक आजार, असलेला मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उठतो. 'उशिरा चालला, होईल नीट' या शब्दांत वर्षे जातात. कधी रक्तात एएसटी, एएलटी ही यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी द्रव्ये वाढलेली दिसतात आणि यकृताच्या तपासण्या सुरू होतात; ही द्रव्ये स्नायूंतूनही येतात, हे लक्षात घेतले जात नाही. दीड वर्षाचे मूल चालत नसेल, किंवा चालणारे मूल जिने चढताना अडत असेल, तर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य) ही साधी रक्ततपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. तिला तज्ज्ञाच्या सहीची अट नको.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे, असलेल्या मुलांचा खुबा अनेकदा न दुखता सरकतो. न चालणाऱ्या मुलांचा एक्स-रे ठरावीक काळाने काढून सरकलेला भाग मोजावा लागतो; तो ३० टक्क्यांच्या वर गेला की तज्ज्ञाकडे पाठवायचे. स्वीडनने १९९४ पासून अशी नियमित नोंद ठेवली आणि तिथे निखळलेले खुबे फारच कमी झाले.

आता आपण काढावा असे आम्हाला वाटते त्या आदेशाबद्दल. पुढे पाठवण्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर 'या तारखेआधी उपचार आवश्यक' असा रकाना छापा. तो तपासणाऱ्यानेच भरावा, आणि तारीख देणाऱ्या लिपिकाला ती ओलांडण्याचा अधिकार नसावा. त्या तारखेपर्यंत जागा नसेल तर दुसऱ्या रुग्णालयात जागा शोधण्याची जबाबदारी रुग्णालयाची, आईवडिलांची नव्हे. भेट चुकलेल्या मुलाचे नाव यादीतून काढण्याआधी घरी फोन व्हावा. सरासरी प्रतीक्षेचा आकडा आम्हाला नको, त्यात ही मुले दिसतच नाहीत. किती मुलांची मुदत रांगेतच संपली, तो आकडा दर महिन्याला रुग्णालयनिहाय जाहीर करा.

आपले,
बालअस्थिरोग आणि पुनर्वसन क्षेत्रात काम करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व तंत्रज्ञ