पायपरचं पिवळं विमान आणि आपलं उद्यमनगर

मा. संपादक,
साध्या माणसाला परवडेल असं विमान करणाऱ्या अमेरिकेतल्या विल्यम पायपरबद्दल आपल्या पेपरात यायला पाहिजे असं मनापासून वाटतं. मूळचा तेलधंद्यातला माणूस, १९३७ ला ब्रॅडफर्डचा कारखाना जळाला तरी गडी खचला नाही, लॉक हेवनच्या बंद रेशीम गिरणीत काम परत चालू केलं आणि तिथनं 'जे-३ कब' नावाची पिवळी छोटी विमानं निघाली. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वर कापड, टाकीच्या झाकणातनं वर आलेली तार, ती खाली गेली की पेट्रोल संपत आलं, बास! जवळपास २० हजार विमानं झाली. उद्यमनगरात लेथवर हात बसलेली पोरं आहेत, उजळाईवाडीला धावपट्टी आहे, मग छोट्या विमानाचं वर्कशॉप कोल्हापुरात का नको? लोकप्रतिनिधींनी मनावर घ्यावंच.
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर