येळवसला तू नव्हतीस म्हणून लिहितेय

बाळा,

परवा फोनवर तू घरच्या ज्वारीचा हट्ट सोड म्हणत होतीस आणि मी नुसतं हं हं केलं, राग नव्हता आला गं, तव्यावर भाकरी होती आणि तुझे पप्पा समोरच जेवायला बसलेले. आज अंगणवाडी सुटलीय, रजिस्टरं लिहून झालीत, म्हणून सावकाश टाईप करत बसलेय. मोठं होईल, पण पूर्ण वाच.

आधी येळवसचं, म्हणजे वेळ अमावस्येला रानात जाऊन जेवायच्या सणाचं सांगते. रानात पूजेची खोप घालायला कडब्याच्या, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या पेंढ्या लागतात, आणि यंदा आपल्या शिवारात कडबा आपल्याकडं आणि अजून दोन घरी, बस्स. बाकी सगळीकडं सोयाबीन आणि त्याच्यावर हरभरा. सकाळपासून माणसं येत होती, वहिनी पाच पेंढ्या द्या, काकू पाच पेंढ्या द्या. दोन-तीन जणांनी तर ताडपत्री बांधूनच पूजेचे पाच दगडांचे पांडव मांडले. आणि आंबिलाचं ज्वारीचं पीठ दुकानातलं. ज्वारीच्या मुलखात ज्वारीचं पीठ किलोवर विकत आणून रानात जेवायला जायचं, मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही बघ.

तू म्हणालीस की आई दीड एकर ज्वारी हा इमोशनल मॅटर आहे, एकरी हिशेब लाव, आणि देशात धान्याची गोदामं भरलीत, रेशन फुकट आहे, मग घरच्या धान्याचा हट्ट कशासाठी. तुझा हिशेब चुकीचा नाहीय. रब्बी ज्वारीला रान पावसाळाभर मोकळं ठेवावं लागतं, कुळवाच्या पाळ्या घालून ओल धरायची, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, पुढं ती त्या ओलीवर आणि थंडीवर येते, पाणी मागत नाही. पण त्यासाठी सोयाबीनचं एक अख्खं पीक सोडावं लागतं हे खरंच आहे. आणि काढणी! उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, सगळं बायांच्या हातानं आणि कंबरेनं. उक्तं देतो म्हटलं तरी बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर त्या मागतात ती मजुरी चूक नसते पण ज्वारीला पेलत नाही. मालदांडी ज्वारीचा हमीभाव 2025-26 ला क्विंटलला 3749 आहे कागदावर, आपल्याकडं त्या भावानं घ्यायला कोण येतंय? एकरी पाच-सहा पोती झाली तरी आम्ही खूश. एवढं सगळं मला माहितीय.

पण तू गोदामाकडं बघतेस आणि मी रोज ताटाकडं बघते, आपल्या दोघींत फरक एवढाच आहे.

आजीला विचार 72 च्या दुष्काळाचं. ती तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, खडी फोडायला जायची, हाताला फोड आले की चिंधी बांधून परत हातोडा. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचं कोरडं खाणं मिळायचं, ती पदरात बांधून घरी आणायची, दिरांसाठी. आणि तो लाल मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, त्याची भाकरी थापायला गेलं की चिरायची. आजी अजून ज्वारी निवडताना एक लाल दाणा दिसला तरी बाजूला टाकते, बघितलंयस तू. मे 1973 ला महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. माणसं वाचली ती काम मिळालं म्हणून, हातात चार पैसे आले म्हणून. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागे यांनी मांडलेली, 1977 ला कायदा झाला आणि 2005 ला दिल्लीनं तोच विचार सगळ्या देशासाठी घेतला. म्हणजे धान्य असणं आणि ते माणसाच्या पोटात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या लोकांना पन्नास वर्षांपूर्वी कळलेलं, तुझ्या पुस्तकात असेलच.

आता रेशनचं. मी रेशनला नावं ठेवणार नाही, कधीच नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं महिन्याला माणशी 5 किलो दिलं, कोरोनात त्याच धान्यावर आपल्या खालच्या वस्तीतल्या चुली पेटल्या, आणि 2023 पासून तर ते फुकट आहे. पण माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला 165-170 ग्रॅम. दिवसभर खुरपणारी बाई दोन वेळेला मिळून चार भाकरी खाते, त्याला हे निम्मंच होतं. उरलेलं विकत. आणि मिळतं काय तर गहू नि तांदूळ. कायद्यात भरडधान्य पण लिहिलंय, पण आपल्या गावात पोत्यातून बहुतेक वेळा गहू-तांदूळच निघतो. डाळ नाही, तेल नाही.

माझ्या अंगणवाडीत एक पोरगी आहे, नाव लिहीत नाही, तीन वर्षांची. गेल्या महिन्यात वजन 10 किलो 200 भरलं. तिच्या वयाला 13-14 किलो हवं. मी घरी गेले गृहभेटीला, तर कोपऱ्यात तांदळाची गोणी भरलेली होती गं! पोरगी उपाशी नाही. सकाळी भात, दुपारी अंगणवाडीत खाते ते, रात्री परत भात आणि वर तिखट-पाणी. आईला विचारलं वरण कधी करतेस, ती म्हणाली बाजाराच्या दिवशी. म्हणजे आठवड्यातून एकदा. पूर्वी तिच्या सासूला आपल्या रानात खुरपायला आली की ज्वारीच्या पाट्यातनं चार पायल्या मिळायच्या, तुरीच्या शेंगा ओंजळीनं मिळायच्या, हरभऱ्याची भाजी खुडून न्यायची, अंबाडी, तांदुळजा, पाथरी सगळं बांधावर फुकट. सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं की बांधावरची भाजी पण जाते, आणि सोयाबीनची ओंजळ घरी नेऊन ती काय करणार? ही गोष्ट तुझ्या एकरी हिशेबात कुठल्या कॉलमला लिहायची ते मला सांग. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 100 मुलांमागं 35 मुलं वयाच्या मानानं बुटकी होती, 2019-21 च्या सरकारी सर्व्हेतला आकडा आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवला होता. मी तेव्हा हिशेब केला, माझ्या अंगणवाडीत तेवढंच निघालं. सगळी घरं रेशनवाली.

तुझे पप्पा म्हणतात मग तूर लावू. लावायला पाहिजेच, पण 2017 तू विसरलीस का, तू सातवीत होतीस. 2015 ला तूरडाळ 200 रुपये किलो झाली तेव्हा टीव्हीवर रोज तीच बातमी, सरकारनं बाहेरून डाळ आणली, 2016 ला मोझांबिकशी करार पण केला, आणि आम्हाला सांगितलं तूर लावा. आम्ही लावली. पाऊस चांगला झाला, रानं तुरीनं भरली, आणि भाव 4000 च्या खाली. हमीभाव बोनस धरून 5050 होता, तो मिळवायला पप्पा खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरखाली सहा रात्री झोपले, मी डबा पाठवत होते, आणि सातव्या दिवशी कळलं बारदाना, म्हणजे भरायची रिकामी पोती, संपलाय. त्यांचा चेहरा तसा मी त्याच्या आधी फक्त तुझे आजोबा गेले तेव्हा बघितला होता. शेवटी व्यापाऱ्याला घातली.

सोयाबीनचं तरी काय वेगळं. 2021 च्या उन्हाळ्यानंतर क्विंटलला 10000 पर्यंत गेलेलं, सगळ्यांनी स्वप्नं बघितली, ऑगस्टात कोंबड्यांच्या खाद्यासाठी सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली आणि आपलं पीक बाजारात येईस्तोवर भाव निम्म्यावर. मी पोल्ट्रीवाल्यांच्या विरोधात नाही, अंडं स्वस्त राहिलं तर माझ्याच पोरांना मिळेल. पण खाणाऱ्याला स्वस्त पाहिजे म्हटलं की दर वेळी हात पिकवणाऱ्याच्याच खिशात जातो आणि आपल्याकडं पिकवणारा स्वतःच विकत घेऊन खाणारा झालाय, दोन्हीकडून तोच मरतो. सोयाबीन विकायचं आणि त्याच पैशात तेलाचा डबा आणायचा, देशातलं निम्म्याहून जास्त खायचं तेल बाहेरून येतं म्हणे. तिकडं कुठं काही झालं की माझ्या फोडणीचा भाव बदलतो.

यंदा सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा तू बातम्यांत बघितलंस. आपलं रान उंचावर म्हणून माती राहिली, पण साडेतीन एकर सोयाबीन पाण्यात सडलं, शेंगेला कोंब आले. ज्वारीचं रान मोकळंच होतं, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उशिरा आला, पेरणी ऑक्टोबर संपता संपता झाली. आता पोटऱ्यात आहे, कणीस बाहेर पडायचंय, थंडी बरी आहे. आणि घरात मागच्या सालची दोन पोती ज्वारी कणगीत होती म्हणून दिवाळीनंतर आम्हाला कुणापुढं उभं राहावं लागलं नाही, हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

म्हणून मी पप्पांना सांगितलंय, दीड एकर ज्वारी राहणार, तिच्यात करडईच्या काकऱ्या, म्हणजे ओळी टाकायच्या, पुढच्या खरिपात बांधाकडंनं चार ओळी तूर. बाकीच्या रानात त्यांनी सोयाबीन लावावं, तुझी फी पण त्याच्यातूनच जाते, मला कळतं ते. तुला पटत नसेल तर फोनवर भांड, पण हिशेब घेऊन भांड, कडब्याचा पैसा आणि दोन म्हशी त्यात धर.

शनिवारच्या एसटीनं मामा येतोय, त्याच्याबरोबर पाच किलो पीठ पाठवतेय, ताजं दळलंय, पंधरा दिवसांत संपव नाहीतर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो. पाणी उकळतं घे, नुसतं कोमट नको, म्हणजे भाकरी चिरत नाही. डब्यात खाली तुरीचे घुगऱ्याचे दाणे आहेत.

त्या पोरीच्या आईला मी परवा ज्वारी आणि थोडी तूर दिलीय, रोज एक वेळ वरण करायला लावलंय. पुढच्या आठवड्यात वजन आहे, कळवते तुला.

तुझी आई