आक्का, बाग तुमच्या टोळीनं राखली

तीर्थस्वरूप आक्कांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र तुमच्या नातीच्या हाती देतेय. तिनं ते तुम्हाला आणि जमलं तर द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या बायकांच्या तुमच्या सगळ्या टोळीला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. तेच चारचौघांपुढेही मांडतेय, कारण यंदा तासगावच्या सौद्यात आमच्या बेदाण्याला मनासारखा दर मिळाला तेव्हापासून जो तो मला म्हणतोय, "वैनी, बाईमाणूस असून एकटीनं बाग राखलीत." माणसं मायेनंच बोलतात, पण ते खरं नाही. मी एकटी नव्हते. द्राक्षाचं कौतुक निघालं की आपल्याकडे बागायतदाराचं नाव निघतं, बागेला सल्ला देणाऱ्या द्राक्ष-डॉक्टरांचं निघतं, औषधाच्या दुकानदाराचंही निघतं. ज्यांच्या बोटांखालून एकेक घड जातो त्या बायकांचं निघत नाही. तुमचं पूर्ण नाव तुम्हाला असं लिहिलेलं आवडायचं नाही, म्हणून नुसतं आक्का म्हणते. आपल्या भागात तेवढं पुरतं.

आपल्या द्राक्षवाल्यांचं वर्ष खरड छाटणीला, म्हणजे हंगाम संपल्यावर जुन्या काड्या छाटून टाकायच्या कामाला सुरू होतं. 2025 च्या एप्रिलमध्ये छाटणी उरकली, आणि काड्या अजून बांधावर पडून होत्या तेव्हा हे गेले. त्याबद्दल इथं फार लिहवत नाही. तुम्ही होतात, तुम्हाला सगळं माहीत आहे.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. लेकीची सीईटी त्याच महिन्यात होती, सांगलीला. सुतक फिटलेलं नव्हतं. पोरीनं घराबाहेर पडू नये, वर्षभरानं परीक्षा देता येईल, असं पाहुण्यांतल्या दोघा-तिघांनी ठरवूनच टाकलं होतं. माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. तुम्ही दुखवट्याचं जेवण घेऊन आला होतात. पातेलं खाली ठेवलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "बापानं हिच्या क्लासची फी कशापायी भरली? जाऊ द्या तिला. रडायला घरी माघारी येणारच हाय की." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तिला घेऊन तुम्ही स्वतः गेलात, पेपर सुटेपर्यंत केंद्राबाहेर बसून राहिलात. तुमचा रोज बुडाला. लेकीला ऑगस्टमध्ये विश्रामबागला वालचंद कॉलेजात प्रवेश मिळाला. वर्षातली सगळ्यात आनंदाची गोष्ट कुठली असं कुणी विचारलं तर मी तीच सांगते आणि तुमचं नाव घेऊन सांगते.

मग मे महिना आला. खरड छाटणीनंतरच्या चाळीस-साठ दिवसांत पुढच्या हंगामाचे घड काडीच्या डोळ्यात तयार होतात, आणि त्या दिवसांत काडीला ऊन लागतं, हे मला ह्यांच्या बोलण्यातून ऐकून माहीत होतं. त्या मे महिन्यात ऊनच नव्हतं. वळवाचा म्हणून आलेला पाऊस हटेना, आणि त्याला लागूनच मान्सून दाखल झाला. ज्या तालुक्यात माझ्या सासूबाईंनी बागेला टँकरनं पाणी घातलेलं आहे, तिथं मे महिन्यात सरीत पाणी साचलेलं मी पाहिलं. तुम्ही तेव्हाच सांगितलंत, "यंदा काडीत माल कमी बसणार. खर्च बघून करा."

खर्चासाठी माझ्या हातात काहीच नव्हतं. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज ह्यांच्या नावावर, बँकेचं खातं त्यांच्या नावावर, वारसाची नोंद व्हायची होती. सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत बाईला तिच्याच रानात उभं राहून कागद नाही म्हणून माघारी यावं लागतं, हे मी या वर्षात शिकले. टोळीला हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायची असते. ती दिली नाही तर टोळी दुसऱ्या बागेला लागते, आणि त्यात टोळीचं काही चुकत नाही, त्यांचंही घर आहे. मी तुमच्याकडे आले ते हेच सांगायला, की यंदा तुम्ही दुसरीकडे काम धरा. तुम्ही चुलीपुढून उठलाही नाहीत. म्हणालात, "उचल ऱ्हाऊ द्या. माल इकल्यावर बघू."

त्याचा अर्थ किती मोठा होता ते मला पुढं कळलं. टोळीतल्या दोघींना पोरांच्या शाळेसाठी पैसे हवेच होते, ते तुम्ही तुमच्या बचत गटातून उचलून दिलेत, स्वतःच्या नावावर. मला ते तुमच्या नातीनं सांगितलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. मजुरानं बागायतदाराला उधारी दिली असं म्हणायला आपल्याकडे माणसांची जीभ अडखळते. माझी अडखळत नाही. यंदा माझी बाग टोळीच्या उधारीवर उभी राहिली.

फळ छाटणी सप्टेंबरच्या शेवटी धरली. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायचं काम मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. कुठला डोळा झाला, कुठला राहिला हे दिसावं म्हणून पेस्टमध्ये रंग घालतात. एरवी बायका उघड्या हातानं काम करतात, आठवडाभर बोटं रंगलेली आणि कातडी सोललेली असते. तुम्ही पहिल्या दिवशीच मला हातमोजे आणायला पाठवलंत, आणि ते येईपर्यंत डब्याला कुणाला हात लावू दिला नाही. एवढ्या वर्षांत हे कुणी मागितलं कसं नाही असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मागितलं होतं की." यावर मला काही बोलता आलं नाही.

फुटी निघाल्या आणि तुमचं मे महिन्यातलं बोलणं खरं ठरलं. बऱ्याच फुटी वांझ. बांधापलीकडच्या दोघा शेतकऱ्यांनी त्या वर्षीचा नाद सोडला, औषधाचा खर्चही निघायचा नाही म्हणाले. माझ्याही घरात तेच बोलणं सुरू झालं. तुम्ही मात्र फेल, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढायला आलेल्या बायकांना घेऊन ओळीओळीनं फिरलात, प्रत्येक झाडावरचे घड मोजलेत आणि संध्याकाळी मला सांगितलंत की माल कमी आहे पण गेलेला नाही, आहे तो घड न घड राखला तर मणी चांगला फुगेल. पान उलटं करून बघायला तुम्ही मला त्याच दिवसांत शिकवलंत. डाऊनी या बुरशीच्या रोगाचा डाग पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा दिसतो, आणि खालून त्याच जागी पांढरी बुरशी धरते. शंका असेल तर पान ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी पांढरं आलं की डाऊनी. "वरनं बघून काय कळतंय वैनी? खालनं बघा," हे तुमचं वाक्य लेक आता होस्टेलवर मैत्रिणींना ऐकवते.

दिवाळी झाली आणि पुन्हा पाऊस लागला. बाग दोड्यात होती, म्हणजे घड बाहेर पडलेले पण फुलोरा यायचा होता. द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगायला नको, पण इतरांसाठी लिहिते: फुलोऱ्याच्या आधीचा तो आठवडा-पंधरवडा सगळ्यात नाजूक. कोवळ्या घडात पाणी थांबलं की घड कुजतो, नाहीतर डाऊनी घडातच शिरते, आणि मग कुठलंच औषध कामाचं राहत नाही. त्या रात्री पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला तेव्हा मी उठून बसले. पंपवाल्याला फोन केला, तो म्हणाला उजाडल्याशिवाय रानात ट्रॅक्टर शिरणार नाही, चिखल झालाय.

तुम्हाला मी बोलावलं नव्हतं. पाऊस थांबला तशी मी बॅटरी घेऊन बागेकडे गेले, तर आत आधीच बॅटऱ्या हलत होत्या. डोक्याला खताच्या पोत्याच्या खोळी घेतलेल्या बायका, तुम्ही पुढं. प्रत्येक ओळीत दोघी दोघी. एक तार धरून हलवायची, दुसरी मागनं राहिलेला घड देठाला धरून बोटानं टिचकी मारायची. पाणी अंगावर सांडत होतं. कुणी बोलत नव्हतं, फक्त तारांची खडखड आणि मधूनच तुमचा आवाज, "खोडाजवळचं ऱ्हातंय बघा, खोडाजवळचं." माझ्या हातात तार देऊन तुम्ही दाखवलंत की हिसका द्यायचा नाही, दिला तर दोडाच गळतो, तार उचलायची आणि सोडायची. उजाडेपर्यंत एक प्लॉट झाला. पंप आला तोवर पानं निथळली होती, औषध नीट बसलं. नंतरच्या दिवसांत ज्या घडांची टोकं काळी पडली होती ती तुम्ही नखानं खुडलीत, बाकीचा घड वाचवलात. हे यंत्रानं होत नाही. आणि त्या रात्रीची हजेरी तुम्ही कुणाचीच लावली नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, रात्रीची हजेरी नसतीच.

आता ती लावली आहे आक्का. सगळ्यांची, दीडपट.

जानेवारीत मी घरातच बसून होते. संक्रांतीची हळदी-कुंकवं सुरू झाली, आणि पहिल्या वर्षी बाईनं कुठं जायचं नसतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याची चर्चा राज्यभर झाली, शासनानंही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. हेरवाड आपल्यापासून काही फार लांब नाही. पण ठराव कागदावर असतो आणि ताट उंबऱ्यावर अडतं. तुम्ही टोळीचं हळदी-कुंकू आमच्या बागेत, शेडच्या सावलीत ठेवलंत. मला विचारलं नाहीत, सरळ बागेतलं काम थांबवून हाक मारलीत. तुम्ही स्वतः कितीतरी वर्षांपूर्वी एकट्या झालात, तरी पहिलं कुंकू तुम्हाला लावतात ही तुमच्या टोळीची रीत मला तेव्हा कळली. दुसरं मला लावलंत. वाण म्हणून द्राक्षाची कात्री दिलीत. ती कात्री मी माल काढताना वापरली, अजून धार आहे.

माल पिकल्यावर जागेवर घ्यायला एक व्यापारी आला. दर चांगला बोलला, पैसे पंधरा दिवसांनी. आपल्या तालुक्यात अशी पंधरा दिवसांची वाट बघत बसलेली घरं आपण दोघींनी पाहिली आहेत. तुम्ही तिथं एकच म्हणालात, की बेदाण्याचं शेड मिळतंय, बायका मोकळ्या आहेत, बेदाणा करू. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे चुकलं तर मोठंच चुकतं. पण बेदाणा कोल्ड स्टोअरेजला ठेवता येतो, आणि घाईनं विकावा लागत नाही. पुढचं सगळं तुमच्या देखरेखीखाली झालं: द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून क्रेट डिपिंगच्या, म्हणजे औषधाच्या, पाण्यात किती बुडवायचा, रॅकवर थर किती पातळ टाकायचा, ढग दिसला की शेडच्या कुठल्या बाजूचा कागद सोडायचा. निवडणीला बसलात तेव्हा काडी, डाग, फुटका दाणा तुमच्या बोटांना आधी कळत होता, डोळ्यांना नंतर. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला त्याचा अभिमान आहेच. त्या मानांकनात इथली माती आणि हवा मोजली जाते. माझ्या मते निवडणीच्या पाट्यापुढं बसलेल्या बायकांची बोटंही त्यात धरायला हवीत.

सौद्याला मी तुम्हाला सोबत चला म्हणाले, तुम्ही नको नको म्हणत आलात. व्यापाऱ्यानं पेटीत हात घालून मूठभर बेदाणा पाहिला आणि विचारलं, "निवडणी कुणी केली?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही पदर सावरत दुसरीकडे पाहिलंत, पण मला दिसलं होतं तुम्हाला काय वाटलं ते.

पैसे आल्यावर आधी टोळीचा हिशेब केला, मग सोसायटीचा. बचत गटातून तुम्ही उचललेली रक्कम व्याजासकट परत केली, तेव्हा व्याज घ्यायला तुम्ही तयार नव्हता. पैशानं तुमचं ऋण फिटतं असं मला वाटत नाही आणि ते फिटावं असंही वाटत नाही. पण घामाचे पैसे वेळेवर मिळणं हा तुमचा हक्क आहे, त्याला मी उपकार म्हणणार नाही.

सातबाऱ्यावर आता माझं आणि लेकीचं नाव लागलं आहे. खरड छाटणी पाडव्यानंतर धरायची असं मनात आहे, पण तारीख तुम्ही सांगा. यंदाची उचल काढून ठेवली आहे, हातमोजे आणि रेनकोट टोळीच्या संख्येनं आणले आहेत. तासगावच्या गणपतीच्या रथाला, ऋषिपंचमीला, सगळ्यांना भरपगारी सुट्टी. दर काय लावायचा ते बसून ठरवू, तुमच्याकडे की माझ्याकडे ते कळवा. माझ्याकडे आलात तर लेक रविवारी घरी असते, तिला तुम्हाला तिचे मार्क दाखवायचे आहेत.

तुमची,
वैनी
तासगाव तालुका, जि. सांगली