मिसकॅरेजनंतर पाळीचं काय, हे डिस्चार्जच्या वेळीच सांगा

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणावर भरपूर येतं, बाळंतपणावर येतं, पण मिसकॅरेज झाल्यावर पाळीचं पुढे काय होतं आणि परत चान्स कधी घ्यायचा यावर कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी स्वतः यातून गेलेय. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं, अमुक तारखेला दाखवायला या, जास्त ब्लीडिंग झालं तर फोन करा, बास. पाळीबद्दल एक ओळ नाही. आणि बाई घरी येऊन करते काय, तर कॅलेंडर बघत बसते.

साधारण ४ ते ८ आठवड्यांत पाळी येते. पहिली नेहमीपेक्षा जास्त जाऊ शकते, दुखूही शकते, आणि त्यात आधीचं सगळं मनात ताजं असतं म्हणून जीव घाबरा होतो की परत काही झालं की काय. शिवाय बीज पाळीच्या आधीच, अगदी २ आठवड्यांतसुद्धा फुटू शकतं, म्हणजे मधे पाळी न येताच दिवस राहू शकतात, ज्यांना इतक्यात नकोय त्यांना तर हे माहीत हवंच ना.

सगळ्यात जीवघेणा प्रकार त्या प्रेग्नन्सी किटचा. गरोदरपणातलं एचसीजी हार्मोन अंगातून एकदम जात नाही, काही आठवडे रेंगाळतं, आणि तोवर किटवर दुसरी रेघ येत राहते, फिकट का होईना. मी ती पट्टी खिडकीपाशी नेऊन, तिरकी धरून, मोबाईलवर फोटो मोठा करून बघितलीय. क्षणभर वाटतं राहिलं की काय! आणि ते आधीचंच असतं. बीज कधी फुटणार ते सांगणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या किटलाही हेच हार्मोन फसवू शकतं. ३ आठवड्यांनी टेस्ट करा, तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर येऊन दाखवा, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो?

मग थांबायचं किती, तर कोणी ३ महिने सांगतं कोणी ६. सहाचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये दिला होता, पण नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिले म्हणून धोका वाढलेला दिसला नाही, उलट २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात ३ महिन्यांच्या आत प्रयत्न सुरू करणाऱ्या जोडप्यांना बाळ होण्याचं प्रमाण जास्तच निघालं. एक पाळी येऊ द्या म्हणतात ते मुख्यतः पुढच्या वेळी तारखा नीट मोजता याव्यात म्हणून. ब्लीडिंग थांबेपर्यंत मात्र संबंध नकोत, इन्फेक्शनची भीती असते. आणि द्राक्षगर्भ (म्हणजे नीट गर्भाऐवजी द्राक्षाच्या घडासारखी वाढ) असेल किंवा नळीतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं असेल तर थांबावंच लागतं, तिथे डॉक्टर सांगतील तेच खरं.

क्युरेटिंगनंतर, म्हणजे पिशवी साफ केल्यावर, ८ आठवडे उलटले तरी पाळी नाही, किंवा नुसते डाग पडून बंद, तर गप्प बसू नका, क्वचित गर्भपिशवी आतून एकमेकीला चिकटते, तपासून घ्या. ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल तर त्याच दिवशी जा.

आणि एक, घरचे लोक जड उचललं होतंस का, प्रवास केला होतास का असं विचारतात ना, त्यांनीही वाचावं: पहिल्या ३ महिन्यांतल्या जवळपास निम्म्या मिसकॅरेजमागे गर्भातल्या गुणसूत्रांचा दोष असतो. तिने काही केलं म्हणून होत नाही हो ते!

डॉक्टरांना मनापासून विनंती आहे की डिस्चार्जच्या कागदामागे या चार ओळी छापा आणि नवरा-बायको दोघांना समोर बसवून वाचून दाखवा. आणि संपादक महोदय, पुरवणीत एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्या, वाचकांचे प्रश्न मागवलेत तर माझ्याकडेच दोन-तीन आहेत.

आपली,
एक वाचक