तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर नव्हे

मा. संपादक,

अकरावी-बारावी वाणिज्यची मुले तेरीज (सर्व खात्यांच्या नावे म्हणजे डेबिट आणि जमा म्हणजे क्रेडिट बाकींची यादी) जुळली नाही की सगळी रोजकीर्द (व्यवहारांची पहिली नोंदवही) पहिल्यापासून तपासत बसतात. आधी नावे आणि जमा बेरजांतला फरक पाहावा. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याची दाट शक्यता: हमालीचे ५,४०० खतावणीत (खातेवहीत) ४,५०० झाले की ९०० चा फरक पडतो. नाहीतर फरक निम्मा करून तेवढ्या रकमेची नोंद शोधावी. नावेचे १,२५० जमेला गेले, तर फरक २,५०० येतो.

खरी पंचाईत जुळलेल्या तेरजेची. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळद व्यापाऱ्याने दुकानात वापरायला १८,००० रुपयांचा वजनकाटा रोखीने घेतला आणि खरेदी खात्यात टाकला, तरी नावे-जमा सारखीच राहते. पण काटा हा विकायचा माल नव्हे, ती मालमत्ता आहे. ढोबळ नफा १८,००० ने कमी दिसतो आणि ताळेबंदात काटा येतच नाही. कितीही वेळा बेरीज करा, ही चूक सापडणार नाही. म्हणून प्रत्येक रोजकीर्द नोंदीखाली स्पष्टीकरण लिहून घ्यावेच, अशी शिक्षकांना कळकळीची विनंती. वस्तू विकायला घेतली की वापरायला, हे त्या एका ओळीत कळते.

– एक वाणिज्य शिक्षक, सांगली