ग्रेडरचा भाव आणि अल्बमचे गुण

दारव्हा, जि. यवतमाळ
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय गड्या,

तुझं पत्र पोचलं. एकाच नव्या रॉक अल्बमला एकीकडे 8.1, दुसरीकडे पाचातले दोन तारे आणि मेटाक्रिटिक या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर 68, मग खरं कोणाचं धरायचं, असं तू विचारलंस. मी म्हणेन, तिन्ही आकडे बाजूला ठेव आणि त्यांच्याखालचा मजकूर वाच. का, ते सविस्तर लिहितो.

सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा माणूस, आपल्या गाडीतल्या कापसात हात घालतो, बोंडातला धागा ओढून लांबी पाहतो, ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. ओलावा 8 टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्याच्यावर गेला की गाडी परत. कास्तकाराला तो भाव पटो न पटो, त्याच्यामागे एक यंत्र आहे आणि ते दुसऱ्या केंद्रावरही तेच दाखवेल. अल्बमच्या 8.1 मागे असं कोणतंच यंत्र नसतं. पिचफोर्क या संगीत परीक्षणाच्या संकेतस्थळाचे 0.0 ते 10.0 हे दशांशातले गुण लिहिणारा आणि संपादक मिळून ठरवतात. दशांश चिन्ह पाहून मोजमाप झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

मेटाक्रिटिकचा 68 तर आणखी जपून घ्यायचा. तिथे वेगवेगळ्या ठिकाणचे तारे, A, B अशी अक्षरं आणि दहापैकी गुण आधी शंभराच्या मापात बदलतात. मग त्यांची सरासरी काढतात, तीही भारित, म्हणजे काही प्रकाशनांना वजन जास्त. कोणाला किती, ते सांगत नाहीत. पाचातले तीन तारे तिथे 60 होतात. संगीतासाठी 61 पासून हिरवा रंग, म्हणजे अनुकूल, आणि 40 ते 60 पिवळा, म्हणजे संमिश्र. ज्या मासिकात तीन तारे म्हणजे ‘चांगला’ असा अर्थ असतो, त्याचा चांगला शेरा इथे पिवळ्यात जाऊन पडतो. शिवाय एका अल्बमला सहाही जणांनी 68 दिले आणि दुसऱ्याला सहापैकी तिघांनी 95 आणि तिघांनी 41 दिले, तर साधी सरासरी एकच येते. दुसऱ्या प्रकारचा अल्बम ऐकण्याजोगा असतो, कारण त्यात कशावर तरी भांडण आहे. म्हणून सरासरी सोडून सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं, अशी दोन परीक्षणं उघड.

आता घाईबद्दल. जुलै 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, आणि बरीच परीक्षणं त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत. कंपनीने आधी प्रत दिली तर लिहिणाऱ्याला काही दिवस मिळतात. डिसेंबर 2013 मध्ये गायिका बियॉन्सेने काही न सांगता अल्बम काढला, तेव्हा सगळ्यांनी ऐकत ऐकतच लिहिलं. या घाईत निकाल दोन्ही बाजूंनी चुकतो. लेड झेपलिन या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमला 1969 साली रोलिंग स्टोन या अमेरिकी मासिकाने झोडपलं. 1991 साली निर्वाणा बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ला त्याच मासिकात तीन तारे होते. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ला पिचफोर्कने 2001 साली 6.4 दिले आणि 2021 साली स्वतःच जुने गुण पुन्हा तपासताना पूर्ण 10 केले.

पण उलटी चूक जास्त शिकवणारी आहे. ओएसिस या ब्रिटिश बँडचा दुसरा अल्बम 1995 साली आला, तेव्हा ब्रिटिश समीक्षकांचा सूर कोमट होता. तो प्रचंड विकला गेला आणि समीक्षकांचा अंदाज उघडा पडला. मग ऑगस्ट 1997 मध्ये त्यांचा पुढचा अल्बम ‘बी हिअर नाऊ’ आला तेव्हा पुन्हा चुकायचं नाही म्हणून स्तुतीचा पाऊस पडला. अल्बम 71 मिनिटांचा, गाणी ताणलेली, गिटारवर गिटार चढवून इतकी दाट भिंत केलेली की एकही गिटार वेगळी ऐकू येत नाही. काही महिन्यांत मत फिरलं. त्या वेळचे गुण अल्बमला कमी आणि आधीच्या चुकीला जास्त मिळाले होते. म्हणून एखाद्या मोठ्या नावाच्या नव्या अल्बमला सगळीकडून एकदम पाच तारे दिसले, तर त्यांच्या मागच्या अल्बमला काय मिळालं होतं ते आधी पाहत जा.

मजकूर कसा वाचायचा? पेन्सिल घे आणि ज्या वाक्याची खात्री तू स्वतःच्या कानाने करू शकतोस, तेवढ्याच वाक्याखाली रेघ मार. ‘चौथ्या गाण्यात ड्रम थांबतात आणि नुसता बास उरतो’, याखाली रेघ. ‘कलाकाराची परिपक्वता जाणवते’, याला नाही. गायिकेचा घटस्फोट, बँडमधलं भांडण, यावर अर्धं परीक्षण खर्ची पडलं असेल तर तेही कोरंच सोड. आठशे शब्दांत पाच-सहा रेघा आल्या तरी ते परीक्षण कामाचं. एकही आली नाही तर गुण कितीही असोत, पुढे जा. मला परीक्षण म्हणजे एवढंच हवं असतं, कुठे कान लावायचा ते सांगणारं.

आणि ऐकताना आपल्या बाजूने काय चुकतं तेही बघ, कारण खेड्यात हाच भाग मोठा आहे. ॲपमध्ये दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर असला की वावरात रेंज पडताच आवाज 96 केबीपीएसवर (सेकंदाला किती डेटा येतो त्याचं माप) किंवा त्याहूनही खाली उतरतो आणि झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या वाजतात. समीक्षकाने झांजेला धारदार म्हटलेलं असतं आणि तू त्याला खोटं ठरवतोस. 320 वर एक मिनिट म्हणजे 2.4 एमबी, पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम 108 एमबी. रात्री गावात रेंज चांगली असताना उतरवून ठेव. मोबाइलच्या स्पीकरवर रॉकचा निकाल देऊच नको. बास गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झवर वाजते, तो सूर एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाही. एकाच कानात इअरफोन घालून काम करायची सवय सगळ्यांना आहे, पण मग दुसऱ्या बाजूची गिटार पूर्ण गायब होते. तसंच ऐकायचं असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू कर.

दोन अल्बमची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणारी सेटिंग चालू ठेव. मोठ्याने वाजलेलं कानाला बहुतेकदा चांगलं वाटतं, आणि बरेच अल्बम मुद्दाम तसे दाबून, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी करून, बनवलेले असतात. मेटॅलिका बँडच्या 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये हे इतकं झालं की तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी ऐकू आली आणि चाहत्यांनी पुन्हा मिक्स करण्यासाठी सह्या गोळा केल्या. ओळखायची खूण अशी: सगळ्यात जोरकस ठिकाणी स्नेअरचा, म्हणजे ड्रममधल्या कडक आवाजाच्या ढोलाचा, फटका उठून येतो का बघ. तो भाकरीसारखा थापलेला वाटला आणि अर्ध्या तासात कान शिणले, तर अल्बम दाबलेला आहे.

गाण्यांची यादीही जुळवून घे. समीक्षकाने अकरा गाण्यांवर लिहिलेलं असतं आणि ॲपवर समोर येते वीस गाण्यांची डिलक्स आवृत्ती. मग ‘अल्बम लांबला’ असं तुला वाटतं ते त्याने ऐकलेल्या अल्बममुळे नसून जोडलेल्या नऊ गाण्यांमुळे असतं. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारी सोय, बंद.

पहिल्यांदा सलग ऐक, काही न वाचता, आणि जिथे कान टवकारला किंवा कंटाळला तिथलं मिनिट कागदावर टाक. मग परीक्षण वाचून रेघा मार. दुसऱ्या दिवशी इअरफोन दोन्ही कानांत घालून, शब्द समोर ठेवून ऐक. इंग्रजी गाण्यात आपले निम्मे गैरसमज शब्द न कळल्याने होतात. तिसरं ऐकणं आठवड्याने. तेव्हा फक्त रेघ मारलेल्या जागा आणि तुझी मिनिटं जुळतात का ते बघायचं.

त्या 8.1 वाल्या अल्बमचं असं एकदा कर. कापूस वेचणी आटोपली की तुझा कागद पाठव, मिनिटांसकट. मी दोन ताऱ्यांवाल्याचं परीक्षण रेघा मारून पाठवतो, मग एकेका गाण्यावर बोलू. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझाच,
गडी