व्हाइसची पारख शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मिलिंग मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, घट्ट पकडणारा तो जुना व्हाइस अखेर टेबलावर चढला. फिक्स जॉवर, म्हणजे त्याच्या न हलणाऱ्या जबड्यावर, डायल (बारीक फरक मोजणारं घड्याळी माप) फिरवून सरळ केला, बोल्ट आवळले, पहिला जॉबही काढून झाला. फोनवर आभार मानले असते तर ‘त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी जुना मिलिंग व्हाइस शोधणारे बरेच जण असतात. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

मी तुम्हाला एकच विचारलं होतं, किती द्यावेत? तुम्ही उलट मलाच विचारत बसलात: टेबल किती रुंद, कटर फिरवणारा स्पिंडल टेबलापासून किती वर जातो, आणि हे धूड उचलून ठेवणार कोण. तेवढ्यानेच सहा इंची व्हाइस घ्यायचं माझं खूळ उतरलं. तेवढा, म्हणजे 150 मिमी जॉचा दणकट व्हाइस सहज 30-35 किलो भरतो. बेंचटॉप मशीनवर तो बसवता येईल, पण मग टेबल पुढे-मागे सरकवायला जागा राहत नाही. उंचीचं आणखी वेगळं. व्हाइसवर पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या), त्यावर जॉब, वरून चक आणि लांब ड्रिल, एवढं मावायला हवं. 100 मिमी नक्की झाला. खालचा फिरता बेस काढून ठेवायचा हेही तुम्ही तेव्हाच सांगून टाकलंत. कोनातलं काम क्वचित निघतं, उंची मात्र रोज जाते आणि पकडीचा ताठपणाही थोडा कमी होतो.

प्रत्यक्ष बघायला गेलो तेव्हा तुमच्या पिशवीत काय काय असेल असं वाटलं होतं. निघालं काय, तर डायल आणि मॅग्नेटिक स्टँड, पॅरललची जोडी, ॲलन की, रॉकेलची बाटली, फडकं आणि खडू. व्हाइसला ताजा निळा रंग मारलेला होता. त्याच्याकडे तुम्ही बघितलंही नाहीत. फिक्स जॉच्या बुडाशी, जिथे उभा भाग बेडला मिळतो, तिथला रंग थोडा खरवडलात, रॉकेलने पुसून कोरडं केलंत आणि वर खडू घासलात. तडा असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आपण चहा घेऊन आलो, रेघ नव्हती. मला ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात छान युक्ती वाटली.

मग बेड. त्यावर ड्रिलचे दोन-तीन खळगे होते आणि कटर घासल्याची एक लांब खूण. मी तेवढ्यावरच नाक मुरडलं. तुम्ही बोट फिरवून म्हणालात, खड्डा जॉबला नडत नाही, खड्ड्याच्या काठावरचा उंचवटा नडतो. ऑइलस्टोनचे चार हात मारले की तो जातो. खरी झीज शोधायला तुम्ही मूव्हेबल जॉ पूर्ण मागे घेतलात आणि तो जिथे एरवी जास्त वापरात असतो त्या पट्ट्यातून कडेकडे नख ओढलंत. नख अडलं नाही. स्क्रू शेवटापर्यंत फिरवून आटे कुठे जड जातात का, टोक डगमगतं का हेही पाहिलंत. हँडल घालायच्या षटकोनी टोकाचे कोपरे शाबूत होते, म्हणजे कुणी पाइप घालून किंवा हातोड्याने ठोकून आवळलेला नव्हता.

आणि मग डायलने घोळ घातला. जॉमध्ये ग्राइंड केलेला ब्लॉक धरून आवळलं तर मूव्हेबल जॉ 0.06 मिमी वर उचलला. ब्लॉकखालचे पॅरलल बोटाने सरकत होते, म्हणजे तो त्यांच्यावर नीट टेकलेला नव्हता. व्हाइस होता कर्ट या अमेरिकी कंपनीच्या अँगलॉक व्हाइसने नावारूपाला आणलेल्या रचनेचा. तिच्यात नटाच्या तिरक्या तोंडावर अर्धगोल बसतो आणि आवळताना जॉ पुढे सरकतो तसाच खालीही ओढला जातो. तो वर उठायलाच नको. विक्रेत्याचं तोंड पडलं, मी मनातल्या मनात भाव पाडायला सुरुवात केली. तुम्ही ॲलन की घेतलीत, जॉच्या पाठीमागचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) टेकेपर्यंत आवळलात, किंचित सैल केलात. पुन्हा डायल: 0.01.

हे भाव ठरायच्या आधी, त्याच्यासमोर केलंत. खरं सांगतो, मला त्या क्षणी तुमचा राग आला. गप्प बसला असतात तर बरंच सुटलं असतं. नंतर विचार केला, हा माणूस पुढे आणखी काही विकायला काढेल तेव्हा आधी कुणाला फोन करेल? तुम्हालाच. आणि त्या सरळपणामुळेच पुढची घासाघीस इतकी सुखाची झाली.

तुमचा हिशोब असा होता. त्याच मापाचा नवा, बिननावाचा व्हाइस ज्या किमतीला मिळतो तो आकडा समोर ठेवायचा. जुना त्याहून चांगल्या जातीचा असेल तरच त्याच्या पुढे जायचं. खालची रेघ म्हणजे वजनाला भंगाराचा भाव. मधली जागा वजाबाकीने भरायची. जॉवर बसवलेल्या, बदलता येणाऱ्या प्लेट वरच्या कडेला गोलावल्या होत्या: नव्या जोडीचे पैसे वजा. हँडल नाही: वजा. आणायचं भाडं आपल्याकडे, तेही वजा, कारण लोखंड आणायला खर्च येतो. बेड, फिक्स जॉची बैठक आणि कास्टिंग मात्र घरी बदलता येत नाहीत. त्यात खोट निघाली असती तर किती वजा करायचे हा प्रश्नच नव्हता, पिशवी उचलून परत यायचं होतं. प्लेट काढून फिक्स जॉची बैठक तुम्ही एवढा वेळ का बघत होतात ते मला तेव्हा उमगलं. विक्रेत्याला प्रत्येक वजाबाकी बोटाने दाखवलीत. रंगाचा विषय त्याने एकदा काढून पाहिला, मग त्यालाच हसू आलं.

नव्या प्लेट बसवल्या. बसवताना मागचा एक बारीक बर (धातूचा उठलेला कंगोरा) काढावा लागला, तुम्ही म्हणालाच होतात. आता पॅरलल जागचे हलत नाहीत.

तुमचा डायल अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देतो. आणि तो फिरता बेस नुसता पडून आहे, तुमच्या ओळखीत कुणाला हवा असेल तर सांगा. त्याचा भाव तुम्हीच ठरवा.

तुमचा,
शेजारच्या गल्लीतला शिकाऊ